शिडातला झोळ

दादाने पहिली नाव सोडून दिली ती संक्रांतीच्या सुमारास. माडीवरच्या खोलीत, खिडकीशेजारच्या भिंतीवर मी तिचे रेखाचित्र चिकटवले होते. रुंद पोटाची, दोन्ही टोकांना सारखीच निमुळती, उत्तरेकडच्या थंड समुद्रात मोठ्या जहाजांना बंदराची वाट दाखवणारे वाटाडे वापरत असत तशी ती नाव होती. ते चित्र त्याने मला उतरवायला सांगितले, आणि मग भिंतीवर उरलेल्या चिकटपट्टीच्या खुणांकडे तो बराच वेळ बघत बसला. खाली आई तीळ भाजत होती. तो वास जिन्याने वर येत होता.

त्या वर्षी आमच्या घरात आजाराचे नाव कोणी घेत नसे. दादाची शक्ती किती उतरली आहे हे आम्हाला भिंतीवरून उतरलेल्या नावांवरून कळे.

गौरव हा माझा थोरला भाऊ. बारावी झाल्यावर तो मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून निघून गेला. आमचे वडील, नाना, तापीकाठच्या आमच्या गावात राजपुरा भागातल्या एका कापड व्यापाऱ्याकडे कोऱ्या कापडाची तपासणी करत, आणि त्यांनी तिथेच दादासाठी जागा बोलून ठेवली होती. दादा गेला त्या दिवसापासून नाना त्याच्याशी थेट बोलले नाहीत. सुट्टीवर आला की दोघे एकाच पंक्तीला जेवत, आणि नाना आईला सांगत, ‘त्याला म्हणावं, भात घे.’ दादा आईला सांगे, ‘त्यांना म्हणावं, पुरे.’ आई दोघांच्या मध्ये वाढत राही. तिने हे निरोप पोचवायचेही केव्हाच सोडून दिले होते, कारण ते पोचलेलेच असत.

मी घरात राहिलो. एका वास्तुरचनाकाराच्या कचेरीत मी घरांचे नकाशे काढतो. माणसांशी बोलणे मला फारसे साधत नाही, रेषेशी साधते. म्हणूनच कदाचित दादा जगाच्या कोणत्याही बंदरातून फोन करी तेव्हा नावांबद्दलच बोले. मोठ्या जहाजांचे त्याला कौतुक नव्हते. ‘तिथून समुद्र दिसत नाही, अन्या. तिथून फक्त काम दिसतं,’ असे तो म्हणे. त्याला हवी होती एक लहान, जुन्या घडणीची शिडाची नाव. तिच्यातले जे तुटेल ते दोर, लाकूड आणि सुई यांनी दुरुस्त करता आले पाहिजे, आणि दुसऱ्या कोणाची मदत न घेता ती एका माणसाला खोल समुद्रात नेता आली पाहिजे. सुरतेपाशी तापी जिथे समुद्राला मिळते तिथून तो निघणार होता. आपल्या घाटावरून जे पाणी जाते त्याच्यामागून आपल्यापैकी कोणीच कधी गेलेले नाही, हे त्याला लहानपणापासून अन्यायासारखे वाटे.

गेल्या दिवाळीत तो आला तो बॅग डाव्या हातात धरून. उजवा हात मिटत नव्हता. इंदूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावले की मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या नसा वाळत चालल्या आहेत. हात, मग पाय, मग वाचा, मग श्वास. बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहील. हे शेवटचे वाक्य त्यांनी दिलासा म्हणून सांगितले. दादाला त्यांनी हे सगळे आधीच सांगितले होते. परतीच्या बसमध्ये घाट उतरेपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत होता. मग माझ्याकडे न वळता म्हणाला, ‘बांधायला आता वेळ नाही. पण ठरवायला आहे. नीट ठरवू. मला खरोखर झेपेल अशी नाव. उगाच मन राखायचं म्हणून नाही.’

मी होकार दिला. एवढेच त्याला हवे होते, आणि एवढेच त्याला मिळू शकत होते. सगळे हातून सुटण्याआधी एक निवड, आणि तीही खरी.

ती खरी राहावी म्हणून त्याने एक रीत ठरवली. सज्ज्याच्या तुळईला मी एक कप्पी बांधली आणि तिच्यावरून दोर घेतला. दोराच्या एका टोकाला बादली, दुसरे टोक दादाच्या हातात. एखाद्या नावेचे शीड चढवायला जेवढा जोर लागेल तेवढे पाणी मी हिशेबाने बादलीत भरायचे. बादली वर गेली तर नाव भिंतीवर राहील. नाही गेली तर चित्र उतरवायचे, आणि त्यावर चर्चा नाही.

वाटाड्यांची नाव अशी गेली. तिच्या शिडाच्या माथ्यावर एक जड तिरका दांडा असतो; तो आडवा ठेवून चढवायला दोन दोर एकाच वेळी ओढावे लागतात. दादाने डाव्या हाताने एक दोर ओढला, बादलीला जोडलेला दुसरा उजव्या मनगटाला गुंडाळला. बादली सज्ज्याच्या कठड्यापर्यंत आली आणि तिथेच हिंदकळत राहिली. अंगणात पाणी सांडले. खाली नाना सायकल पुसत होते; त्यांनी मान वर केली, भिजलेल्या फरशीकडे पाहिले, आणि सायकल दोन हात पलीकडे नेऊन पुन्हा पुसू लागले.

त्यानंतर आपल्या किनाऱ्यावरचा मचवा आला. तो दादाचा लाडका होता. खरे सांगायचे तर माझाही, कारण त्याची रेषा फार देखणी असते. पुढे झुकलेली डोलकाठी आणि तिच्यावर पाखराच्या पंखासारखे कलते शीड. परंतु वाऱ्याच्या उलट दिशेने वळताना त्या शिडाचा लांबलचक दांडा उचलून डोलकाठीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला न्यावा लागतो, आणि ते काम एका माणसाचे नाही. हे दादाला माहीत होते, तरी त्याने महिनाभर ते चित्र उतरवू दिले नाही.

‘तीन माणसं लागतात,’ तो एकदा म्हणाला. ‘मी एक, तू अर्धा. बाकीची दीड कुठून आणू?’

मला पाण्याची भीती वाटते, आणि ती त्याच्याइतकी कोणालाच ठाऊक नव्हती. मी हसलो. तोही हसला, पण हसताना त्याच्या ओठांची एक कड जरा मागे राहिली. ते मला तेव्हा प्रथम दिसले.

आई वर येई ती चहा घेऊन, आणि चित्रांकडे ती फक्त एकाच नजरेने पाही. ‘चूल कुठंय यात?’ मी दाखवले की ती मान हलवी किंवा नापसंतीने चुकचुके. चूल उजवीकडे असावी, असे तिने आधी सांगितले होते. मग एके दिवशी, मी नवे चित्र काढत असताना, ती पाठीमागून म्हणाली, ‘डावीकडं घे रे तिला. डाव्या हातानं त्याला पलीकडं वाकावं लागेल, भाजेल.’ आणि कप उचलून खाली गेली. दादाने डोळे मिटून घेतले होते. मी चूल डावीकडे घेतली.

शेवटी उरली ती चिनी शिडाची नाव. दादाने ती पूर्वेकडच्या बंदरांत पाहिली होती आणि तिची चेष्टाही केली होती, कारण पंख्यासारख्या बांबूच्या आडव्या कामट्यांनी बांधलेले ते शीड त्याला खिडकीच्या पडद्यासारखे वाटे. आता तो तिच्याकडे आदराने पाहू लागला. चढवायला एकच दोर, आणि तो कप्प्यांमधून इतक्यांदा फिरवता येतो की ओझे हलके होते. फक्त दोर खूप ओढावा लागतो. वादळ आले तर दोर सोडायचा, शीड आपल्याच वजनाने घडीवर घडी खाली बसते. नाव सावरायला पुढे डेकवर जावे लागत नाही. बसल्या जागेवरून सगळे होते. तळाशी पाण्यात उतरणारा लांब कणा असला की सुकाणू बांधून ठेवल्यावर ती आपली आपण सरळ चालते, आणि माणूस झोपू शकतो.

मी चार कप्प्या लावल्या. दादाने डाव्या हाताने दोर ओढला, दातांत धरला, पुन्हा ओढला. बादली वर येऊन तुळईला टेकली. त्याने दातांतला दोर सोडला नाही. माझ्याकडे पाहून फक्त भुवया उंचावल्या. त्या दिवशी त्याने दोन पोळ्या खाल्ल्या.

‘पण एक प्रश्न आहे,’ तो दुसऱ्या दिवशी म्हणाला. चैत्र लागला होता आणि पश्चिमेचा वारा सुरू झाला होता. आमच्या इथे उन्हाळाभर वारा समुद्राकडून तापीच्या खोऱ्यात वर चढतो. नदी पश्चिमेला वाहते आणि वारा तिच्या तोंडावर येतो. ‘समुद्राकडं जायचं म्हणजे ह्याच्या तोंडावर जायचं. ही वाऱ्यावर चढत नाही, असं लोक म्हणतात. चढत नसेल तर काय उपयोग? नुसती मागं मागं येईल, घरी.’

प्रतिकृती करून पाहायचे ठरले. सावरीच्या हलक्या लाकडाचा सांगाडा मी कोरला, हातभर लांबीचा. खाली कणा म्हणून लोखंडी पट्टी बसवली. बुरुड आळीतून कामट्या आणल्या. राहिले शीड. मी कापडासाठी बाजारात निघालो तेव्हा नाना ओसरीवर बसले होते. त्यांनी आईला विचारले की दादाला कसले कापड हवे आहे. आईने मला विचारले. मी सांगितले की पातळ, घट्ट विणीचे, न ताणणारे.

संध्याकाळी नाना एक तुकडा घेऊन आले. आम्ही कोणी काही मागितले नव्हते. त्यांनी आईचे शिवणयंत्र ओसरीवर ओढले, माझे चित्र खिळ्याला अडकवले आणि शिवायला बसले. त्यांना कापडाची जात बोटांनी कळते. त्यांची सारी नोकरी एका उताराच्या टेबलापाशी उभे राहण्यात गेली आहे. कापडाचा ताका समोरून सरकत जातो, मागून उजेड येतो, आणि कुठे धागा तुटला असेल, गाठ आली असेल, वीण ढिली पडून झोळ आला असेल, तिथे ते खडूने खूण करतात. झोळ हा त्यांच्या लेखी सर्वांत मोठा दोष. तुटलेला धागा सांधता येतो, पण झोळ आला म्हणजे मागावरच्या माणसाचे लक्ष नव्हते, असे ते म्हणत.

शीड तयार झाले तेव्हा मी ते हातात घेऊन थक्क झालो. प्रत्येक कामटीवर कापड ढोलकीच्या चामड्यासारखे ताणलेले होते. टिचकी मारली तर आवाज येई. मी ते घेऊन वर जाताना नाना जिन्याच्या पायथ्याशी उभे राहिले, दादा काय म्हणतो ते ऐकत.

‘नानांचं काम,’ दादा म्हणाला. त्याच्या जिभेला आता जडपणा आला होता. ‘एक सुरकुती नाही.’

रविवारी आम्ही रिक्षाने राजघाटावर गेलो. दादाला मी आणि नानांनी पायऱ्यांवर बसवले. नाना आलेच होते, कोणी बोलावले नव्हते. तापीच्या पात्रातल्या खडकात कोरलेल्या दगडी हत्तीच्या पाठीपर्यंत पाणी नव्हते, पण घाटापाशी बऱ्यापैकी खोल आणि वाऱ्याने बारीक चुण्या पडलेले होते. मी नाव आधी पूर्वेकडे सोडली. ती वाऱ्याबरोबर इतकी सुंदर गेली की धुणे धुणाऱ्या बायका थांबून पाहू लागल्या. मग मी ती आणली, शीड आवळले, सुकाणू बांधले आणि तिचे नाक समोरच्या तिरावर, जैनाबादच्या बाजूला, जरा पश्चिमेकडे ठेवून सोडून दिले. ती वाऱ्यावर चढत असेल तर हत्तीच्या पलीकडून समोरच्या काठाला लागली असती.

ती थरथरली. शीड ताठ होते, पण त्यात वारा ठरत नव्हता. नाक पश्चिमेकडे ठेवून ती आडवी आडवी मागे सरकत राहिली आणि थोड्या वेळाने आमच्याच काठाला, आम्ही बसलो होतो त्याच्या पूर्वेला, चिखलात येऊन टेकली.

‘तुमचं जहाज त खेकड्यावानी चालू राह्यलं, भाऊ,’ उखर्डू म्हणाला. तो घाटावर होडी चालवतो आणि लोकांना पलीकडे नेतो. ‘त्याले घरची लई ओढ दिसते.’

मी पुन्हा सोडली. पुन्हा तेच झाले. तिसऱ्या वेळी मी दादाकडे पाहिले नाही. मला वाटले की आता हेही चित्र उतरवावे लागेल, आणि भिंतीवर त्यानंतर काही नव्हते.

दादा मात्र नावेकडे नव्हे, शिडाकडे पाहत होता. आपले शब्द गोळा करायला त्याला वेळ लागला. आणि मग, आईमार्फत नाही, माझ्यामार्फत नाही, तो म्हणाला, ‘नाना. कापडाला पोट लागतं.’

नाना वळले.

‘सपाट कापडावरून वारा घसरतो,’ दादा म्हणाला. ‘दर दोन काड्यांमध्ये थोडा झोळ पाहिजे. मग कापड वारा धरून ठेवतं.’

नानांचा चेहरा मी इतक्या जवळून क्वचितच पाहिला होता. त्यांनी इतक्या वर्षांनी मुलासाठी काही केले होते आणि ते त्यांच्या हातून झालेले सर्वांत निर्दोष काम होते. ‘मुद्दाम खराब शिवू?’ त्यांनी विचारले. आवाज चढलेला नव्हता. उत्तराची वाट न पाहता ते पायऱ्या चढून गेले, आणि आम्ही रिक्षा करून घरी आलो तेव्हा ते घरी नव्हते.

त्यानंतर दादा झपाट्याने उतरत गेला. डावा हात गेला. कप्पीवरचा दोर मी काढला नाही. तो सज्ज्यात वाऱ्याने हलत राही आणि त्याची सावली दुपारी खोलीत येई. दादाचे बोलणे आता आम्हा तिघांनाच समजे. मी त्याच्यापाशी बसून नावेच्या आतली रचना काढत असे, आणि तो डोळ्यांनी होय-नाही सांगे. दुसरा पलंग नको. इंजिन नको. चूल आईने मधोमध, खाली, बसून हात पुरेल अशी करून घेतली. हात पुरेल, असेच ती म्हणाली.

एकदा त्याने मला समुद्रात थांबण्याची रीत समजावली. वादळ पेलवेनासे झाले की जुनी, लांब कण्याची नाव पळवायची नसते. शीड जवळजवळ सगळे उतरवायचे, सुकाणू एका बाजूला बांधायचे, आणि नाव वाऱ्याशी एक कोन धरून आपली आपण उभी राहते. लाटा तिच्या खालून जातात. माणसाने आत जाऊन, दार लावून, आडवे व्हायचे. ‘काही करायचं नसतं,’ असे तो मला दोनदा म्हणाला. पहिल्यांदा मला समजले नाही म्हणून नव्हे, मी लिहून घेत नव्हतो म्हणून. मी लिहून घेतले.

वैशाखातल्या एका दुपारी नाना कामावरून लवकर आले आणि दादा घरी आल्यापासून प्रथमच माडीवर चढले. त्यांच्या हातात ते शीड होते. शिवण सगळी उसवलेली होती, आणि सोबत नवे कापड होते, अधिक लांब कापलेले. ते दादाच्या पलंगाच्या कडेवर बसले. खिशातून दोन कामट्या काढून त्यांनी त्या माझ्या हातात दिल्या आणि तळहातभर अंतरावर धरायला लावल्या. मग कामट्यांवर कापड टाकले. टाकल्याबरोबर त्यांच्या बोटांनी ते ताणले. मी पाहिले की त्यांनी ताणायचे ठरवले नव्हते, बोटांनीच ताणले. त्यांनी हात मागे घेतला, कापड सैल केले, आणि जो लहानसा खोलगट भाग तयार झाला त्याच्याखाली आपला तळहात ठेवला.

‘एवढा?’ त्यांनी दादाला विचारले.

दादाने डोळे हलवले. नाही.

नानांनी कापड आणखी सोडले. तळहात खाली गेला. ‘एवढा?’

नाही.

‘आणखी?’

‘आणखी,’ दादा म्हणाला. तो शब्द मलाही समजला आणि आईलाही, दारातून.

नानांनी कापड आणखी सैल केले, आणि झोळ त्यांच्या तळहातावर पुरता विसावला, पाण्याने भरल्यासारखा. दादाने डोळे मिटले आणि उघडले. होय. नानांनी बराच वेळ हात तसाच ठेवला. मग त्यांनी अंगठ्याच्या नखाने कापडावर खूण केली आणि यंत्राशी जाण्यासाठी उठले. दारात आईने त्यांना वाट करून दिली. त्या बापलेकांमध्ये काही पोचवायचे उरले नाही, हे तिच्याही लक्षात आले असावे, कारण ती तिथेच दाराला टेकून खाली बसली.

दुसरी चाचणी आम्ही त्याच आठवड्यात केली. दादाला घाटापर्यंत नेणे आता सोपे नव्हते, तरी नानांनी त्याला पाठीशी धरून पायरीवर बसवले, आपल्याच छातीला टेकवून. त्याची मान त्यांच्या खांद्यावर होती. या वेळी पलीकडच्या काठावर कोणीतरी असायला हवे, असे दादाच्या डोळ्यांनी सांगितले, आणि ते माझ्याकडे पाहत होते. पुलावरून जाणे लांबचे होते आणि तोवर वारा पडला असता. मी उखर्डूच्या होडीत बसलो.

‘जहाज बनोते अन् होडीची कड अशी धरते,’ उखर्डू म्हणाला. मी तळाच्या फळीकडे पाहत होतो. पाणी त्या पातळ फळीच्या अगदी खाली होते, आणि ते जाणवत होते. दादाने आयुष्य ज्याच्यावर काढले ते मला पहिल्यांदाच अंगाखाली जाणवत होते, आणि ते इतके हलते, इतके जिवंत असेल हे मी एकाही रेषेत कधी दाखवले नव्हते.

जैनाबादच्या काठावर, हत्तीच्या खालच्या अंगाला, पश्चिमेकडे मी उतरलो. समोर आई पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरली होती. तिने मी शिकवल्याप्रमाणे नाव धरली, नाक फिरवले आणि सोडली.

शीड फडफडले, आणि मग त्याने वारा धरला. दर दोन कामट्यांच्या मध्ये एक एक पोट भरले; इतक्या लांबूनही ते मला दिसले. नाव एका कुशीवर कलली आणि निघाली. ती वाऱ्याच्या तोंडावर, तिरकी, हळूहळू चढत होती. हत्तीच्या जवळ ती लाटेत थांबल्यासारखी झाली, नाक खाली गेले, वर आले, आणि ती हत्तीच्या पश्चिमेकडून पार झाली. ती सरळ माझ्याकडे आली आणि माझ्या पायांशी, वाळूत, हलकेच टेकली.

मी ती उचलून डोक्यावर धरली. समोरच्या घाटावर नानांनी दादाचा हात मनगटाशी धरून वर उचलला आणि हलवला. तो हात किती जड झाला होता ते मला माहीत होते. बराच वेळ त्यांनी तो खाली घेतला नाही.

त्या संध्याकाळी दादाने निवड केली. हीच, असे त्याने सांगितले, आणि आम्हा सर्वांना ते समजले. मी भिंतीवरच्या चित्राच्या कोपऱ्यात तारीख घातली.

आषाढ लागण्यापूर्वी तो गेला. दुपारची वेळ होती, वारा पडला होता, आणि आई त्याच्या तोंडात चमच्याने पाणी घालत होती. अस्थी राजघाटावर सोडल्या. तापीत हाडे विरघळून जातात, असे आमच्याकडे मानतात; नदी काहीच पुढे नेत नाही, सगळे आपल्यातच जिरवून घेते. एरवी या समजुतीने लोकांना शांती वाटते. मला वाटली नाही. तो समुद्रापर्यंत जाईल, एवढे तरी मला मानायचे होते, पण ते मी कोणापाशी बोललो नाही. नाव माडीवरच्या फळीवर आहे. तिचा पूर्ण नकाशा मी काढून ठेवला आहे, आणि शिडाच्या तपशिलात, झोळाची खोली लिहायच्या जागी, आकडा घातलेला नाही. ‘नानांचा तळहात’ असे लिहिले आहे. दुसरे माप कोणी घेतले नव्हते.

श्रावणात कापड व्यापाऱ्याचा मला फोन आला. तो भला माणूस आहे. शब्द शोधत होता. नंदकुमारजींच्या, म्हणजे नानांच्या, हाताखालून काही सदोष ताके तसेच गेले, गिऱ्हाईकाकडून परत आले, असे त्याने सांगितले. इतक्या वर्षांत असे कधी झाले नाही. तुम्ही एकदा येऊन त्यांना घरी घेऊन जा, थोडी विश्रांती घेऊ द्या, असे म्हणाला.

मी गेलो. तपासणीच्या लांब खोलीत माग नव्हते, पण शेजारच्या मागांचा खडखडाट भिंतीतून येत होता. नाना टेबलापाशी माझ्याकडे पाठ करून उभे होते. कापड थांबलेले होते. त्यात मधोमध एक झोळ होता, मोठा, कोणालाही दिसेल असा. खडू बाजूला पडला होता. नानांनी आपला उजवा तळहात झोळाखाली ठेवला होता आणि मान जरा कलती करून ते वाट पाहत होते, जसे कोणी पलंगावरून उत्तर देणार असावे.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. काय म्हणायचे ते मला माहीत होते. ‘आणखी’, एवढा एकच शब्द होता, आणि तो मी घरात सर्वांत जास्त वेळा मनात म्हटला होता. पण तो दादाचा शब्द होता. मी कापडाच्या दुसऱ्या बाजूने हात घातला, त्यांच्या हाताखाली माझा हात ठेवला, आणि आम्ही दोघे तसेच उभे राहिलो, कापड आपल्याच वजनाने आणखी थोडे खाली येईपर्यंत.